एकट्याने काम करणाऱ्यांची सुरक्षा : न्यू टाउनच्या निमित्ताने

आर्थिक उदारीकरणानंतरच्या काळात देशातील महानगरांलगत नवी नियोजित शहरे उभी राहिली. कोलकात्याच्या ईशान्येस, उत्तर चोवीस परगणा जिल्ह्यातील राजारहाट परिसरात वसलेले न्यू टाउन हे त्यांपैकी एक ठळक उदाहरण होय. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या पश्चिम बंगाल गृहनिर्माण पायाभूत सुविधा विकास महामंडळाने, म्हणजेच 'हिडको'ने, या शहराची उभारणी हाती घेतली. पुढे २००७ च्या अधिनियमान्वये न्यू टाउन कोलकाता विकास प्राधिकरण निर्माण झाले आणि नागरी सेवांची जबाबदारी त्याच्याकडे आली. भातशेती, मासळीची तळी आणि खेडी यांच्या जागी माहिती तंत्रज्ञान उद्याने, रुग्णालये, बहुमजली गृहसंकुले आणि रुंद रस्ते आले. शहराचे स्वरूप बदलले, त्याबरोबर श्रमाचे स्वरूपही बदलले. शेतात आणि वीटभट्टीवर समूहाने होणाऱ्या कामाची जागा अनेकांच्या बाबतीत एकट्याने करावयाच्या कामाने घेतली.

रात्री इमारतीच्या दाराशी बसणारा सुरक्षारक्षक, बंद सदनिकेत काम करणारी घरकामगार, वृद्ध रुग्णाजवळ रात्र काढणारी आया, उद्वाहनाच्या खोबणीत उतरणारा तंत्रज्ञ, दुचाकीवरून खाद्यपदार्थ पोहोचविणारा युवक आणि परदेशी ग्राहकांच्या वेळेनुसार पहाटे घरी परतणारी संगणक कर्मचारी यांच्यात वरवर पाहता काहीही साम्य नाही. परंतु कामगार सुरक्षेच्या दृष्टीने त्यांना जोडणारा एक धागा आहे. अपघात, आजार किंवा हल्ला यांचा प्रसंग ओढवल्यास हाक ऐकणारे दुसरे माणूस त्यांच्यापैकी कोणाच्याही जवळ नसते. प्रस्तुत लेखात अशा 'एकल कामगारां'च्या सुरक्षेची संकल्पना, तिच्यामागील अर्थशास्त्र, भारतातील कायदेशीर तरतुदी आणि त्यांतील उणिवा यांचा आढावा घेतला आहे.

संकल्पना

ब्रिटनमधील आरोग्य व सुरक्षा कार्यकारी यंत्रणेच्या मार्गदर्शनानुसार, निकटच्या किंवा थेट देखरेखीशिवाय स्वतः एकट्याने काम करणारी व्यक्ती म्हणजे एकल कामगार. यातील 'एकटेपणा' हा नोकरीचा प्रकार नसून कामाच्या क्षणाची स्थिती आहे. हजारो कर्मचारी असलेल्या कंपनीतील माणूसही रात्री दोन वाजता यंत्रगृहात एकटा असू शकतो. उलटपक्षी, तीन माणसांच्या छोट्या दुकानातील कामगार दिवसभर एकमेकांच्या नजरेसमोर असतात.

कोणत्याही व्यावसायिक जोखमीचे दोन घटक असतात. पहिला घटक अनिष्ट घटना घडण्याची शक्यता, दुसरा घटक घटनेनंतर होणाऱ्या हानीची तीव्रता. एकटेपणाचा परिणाम या दोन्हींवर होतो, परंतु सारख्या रीतीने होत नाही. शिडीवरून पाय घसरण्याची शक्यता माणूस एकटा असल्यामुळे फारशी वाढत नाही. मात्र पडल्यानंतर मदत मिळण्यास लागणारा वेळ वाढतो आणि साध्या दुखापतीचे रूपांतर मृत्यूत होऊ शकते. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, तर चार ते सहा मिनिटांत कायमस्वरूपी हानी होऊ लागते. म्हणून विषारी वायूच्या ठिकाणी मदतीचा विलंब हाच निर्णायक घटक ठरतो. हिंसेच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. साक्षीदार नसणे हेच हल्लेखोरास प्रोत्साहन देत असल्याने तेथे एकटेपणामुळे घटनेची शक्यताही वाढते. हा भेद ध्यानात घेतल्यास उपायही दोन प्रकारचे असावे लागतात, हे स्पष्ट होते. अपघातासाठी मदतीचा वेळ कमी करावयाचा असतो, तर हिंसेसाठी मुळात एकांतच कमी करावयाचा असतो.

बाजारयंत्रणा अपुरी का पडते?

ॲडम स्मिथने १७७६ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार, अप्रिय किंवा कष्टप्रद कामासाठी अधिक वेतन द्यावे लागते. त्या तर्काचा विस्तार करून असे म्हटले जाते की, धोका जास्त असेल तर वेतनही जास्त मिळेल आणि धोका कमी करणे मालकाच्याच हिताचे ठरेल. प्रत्यक्षात मात्र तीन कारणांमुळे ही यंत्रणा अडखळते.

पहिले कारण माहितीच्या असमानतेचे आहे. मॅनहोलमध्ये कोणता वायू साचला आहे किंवा कोणत्या इमारतीत यापूर्वी रक्षकावर हल्ला झाला होता, हे कामावर नव्याने आलेल्या व्यक्तीस ठाऊक नसते. दुसरे कारण श्रमपुरवठ्याच्या विपुलतेचे आहे. जेथे एका जागेसाठी अनेक उमेदवार उभे असतात, तेथे जोखमीचा मोबदला मागण्याची शक्ती कामगाराजवळ राहत नाही. तिसरे कारण बाह्यपरिणामांचे आहे. सोबतीला दुसरा माणूस ठेवण्याचा खर्च मालकाला दर महिन्याला दिसतो. अपघात मात्र क्वचित घडतो आणि घडल्यावर त्याचा मोठा भार कामगाराच्या कुटुंबावर, सार्वजनिक रुग्णालयावर आणि समाजावर पडतो. ज्याच्या हाती निर्णय आहे त्याच्यावर परिणामांचा पूर्ण भार पडत नसेल, तर सुरक्षेवरील खर्च सामाजिकदृष्ट्या इष्ट पातळीपेक्षा कमीच राहतो. याच ठिकाणी राज्यसंस्थेच्या हस्तक्षेपाचे आर्थिक समर्थन मिळते.

घटनात्मक आधार

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ (ङ) मध्ये कामगारांच्या आरोग्याचा व शक्तीचा दुरुपयोग होऊ नये, असे निदेशक तत्त्व आहे. अनुच्छेद ४२ न्याय्य व मानवी कार्यस्थितीची अपेक्षा व्यक्त करतो. १९९५ मध्ये ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराच्या आरोग्याचा हक्क अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला. कामगार कल्याण आणि कार्यस्थिती हा विषय समवर्ती सूचीत असल्याने केंद्र व राज्य दोघांनाही कायदे करता येतात. जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सुरक्षित व आरोग्यदायी कार्यस्थळाचा समावेश कामाच्या ठिकाणच्या मूलभूत तत्त्वांत व हक्कांत केला, हेही उल्लेखनीय आहे.

१९४८ ची दोरी

एकल कामगारांच्या संरक्षणाची कल्पना भारतीय कायद्यास नवी नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमातील कलम ३६ धोकादायक वायू असू शकणाऱ्या टाक्या, खड्डे, नळ अशा बंदिस्त जागांसंबंधी होते. ती जागा वायुमुक्त असल्याचे सक्षम व्यक्तीचे लेखी प्रमाणपत्र असावे. अन्यथा आत जाणाऱ्याने श्वसनसाधन लावावे, कमरेला पट्टा बांधावा आणि पट्ट्याला जोडलेल्या दोरीचे मोकळे टोक बाहेर उभ्या असलेल्या व्यक्तीच्या हाती असावे, अशी ती तरतूद होती. एकल कामगार सुरक्षेचे संपूर्ण तत्त्व या दोरीत सामावलेले आहे. आतला माणूस एकटा असला तरी त्याच्याशी सतत संपर्क ठेवणारी, धोका ओळखणारी आणि त्याला बाहेर ओढण्याची क्षमता असणारी निश्चित व्यक्ती असली पाहिजे. संपर्क, जाणीव आणि सुटका या तीन कड्यांपैकी एक जरी तुटली तरी संरक्षण उरत नाही.

हेच तत्त्व मलनिस्सारणाच्या क्षेत्रात पुन्हा दिसते. २०१३ च्या हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमाने गटारे व मलकुंडांच्या धोकादायक सफाईस मनाई केली. त्याखालील नियमांत अपवादात्मक परिस्थितीतील सफाईच्या वेळी किमान तीन कर्मचारी सतत उपस्थित असावेत व त्यांपैकी एक पर्यवेक्षक असावा, अशी अट आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई ठरविली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख रुपये करण्यात आली. २९ जानेवारी २०२५ रोजी न्यायालयाने कोलकात्यासह सहा महानगरांत हाताने होणारी गटारसफाई थांबविण्याचा आदेश दिला. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, २ फेब्रुवारी २०२५ रोजी, कोलकात्याच्या पूर्वेस असलेल्या बानतला येथील चर्मोद्योग संकुलात मॅनहोलमध्ये तीन कामगारांचा मृत्यू झाला. या घटनेतून दोन गोष्टी शिकावयास मिळतात. केवळ मनाईचा आदेश प्रत्यक्ष कामाच्या जागी आपोआप पोहोचत नाही. आणि सोबत माणसे असली, पण सुटकेचे साधन नसले, तर संख्येमुळे संरक्षण मिळतेच असे नाही.

नवी संहिता आणि 'दहा'चा उंबरठा

१३ केंद्रीय कायद्यांचे एकत्रीकरण करणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि १९४८ चा कारखाना अधिनियम तिच्यात विलीन झाला. या संहितेतील काही तरतुदी एकल कामगारांच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. इजा किंवा आजार होऊ शकेल अशा धोक्यांपासून कार्यस्थळ मुक्त ठेवणे हे कलम ६ नुसार मालकाचे कर्तव्य आहे. कलम १४ नुसार, गंभीर इजेचा किंवा मृत्यूचा नजीकचा धोका असल्याची वाजवी भीती वाटल्यास कामगारास ती बाब मालकाच्या व निरीक्षक-तथा-सुविधाकाराच्या निदर्शनास आणता येते. कलम ४३ अन्वये महिलांना त्यांच्या संमतीने, विहित सुरक्षा अटींच्या अधीन राहून, सायंकाळी ७ नंतर व सकाळी ६ पूर्वी काम करता येते.

तथापि, संहितेत 'एकल कामगार' अशी स्वतंत्र व्याख्या नाही. शिवाय आस्थापनेची व्याख्या साधारणतः दहा किंवा अधिक कामगारांच्या संख्येशी जोडलेली आहे. जोखमीचे किंवा जीवघेणे काम चालणाऱ्या आस्थापनांना कामगारसंख्या कितीही असली तरी अधिसूचनेद्वारे संहिता लागू करण्याची सोय आहे, ही जमेची बाजू होय. पण मूळ विसंगती कायम राहते. कायदा आस्थापनेतील माणसे मोजतो. जोखीम मात्र त्या क्षणी त्या जागी किती माणसे आहेत यावर ठरते. २०१३-१४ च्या सहाव्या आर्थिक गणनेनुसार देशात सुमारे ५.८५ कोटी आस्थापना होत्या आणि त्यांत सुमारे १३.१३ कोटी लोक काम करीत होते. म्हणजे एका आस्थापनेमागे सरासरी २.२४ व्यक्ती येतात. ही सरासरी पाहिली म्हणजे दहाचा उंबरठा किती उंच आहे याची कल्पना येते.

न्यू टाउनमधील चार चित्रे

न्यू टाउनसारख्या शहरात हा उंबरठा वेगवेगळ्या कामगारांना वेगवेगळ्या रीतीने अडवितो.

पहिले चित्र सुरक्षारक्षकाचे आहे. तो ज्या संस्थेच्या वेतनपटावर असतो तेथे शेकडो रक्षक असतात, त्यामुळे कायदा त्याला लागू होतो. परंतु त्याची रात्र जाते ती दुसऱ्याच्या इमारतीत. प्रकाश, प्रसाधनगृह, कुलूपबंद चौकी, दूरध्वनी या गोष्टी इमारतीच्या मालकाच्या हाती असतात. खाजगी सुरक्षा संस्था (विनियमन) अधिनियम, २००५ हा मुख्यत्वे संस्थांच्या परवान्याचा कायदा आहे. महाराष्ट्राने १९८१ मध्येच खाजगी सुरक्षारक्षकांच्या नोकरीचे नियमन व कल्याण यासाठी स्वतंत्र अधिनियम करून मंडळांची रचना स्वीकारली. रक्षक नेमणारा आणि जागा पुरविणारा यांच्यात जबाबदारी विभागली जाते तेव्हा मंडळासारखी मध्यस्थ संस्था उपयुक्त ठरू शकते, हा त्यातील धडा आहे.

दुसरे चित्र घरकामगाराचे. जात्रागाछी, गौरांगनगर अशा जुन्या वस्त्यांतून स्त्रिया उंच संकुलांत कामास येतात. खाजगी घर ही कायद्याच्या दृष्टीने आस्थापना नाही. औद्योगिक संबंध संहितेतील 'उद्योग' या संज्ञेतूनही घरगुती सेवा वगळलेली आहे. खिडकीच्या बाहेरील काच पुसताना तोल जाणे, तीव्र रसायनांचा त्रास होणे किंवा छळ होणे, या प्रत्येक प्रसंगी घरकामगार बंद दाराआड एकटी असते. पश्चिम बंगालमध्ये 'पश्चिमबंग गृह परिचारिका समिती'स २०१८ मध्ये कामगार संघटना म्हणून नोंदणी मिळाली, ही महत्त्वाची घटना होय. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायदेशीर चौकटीचा विचार करण्यास तज्ज्ञ समिती नेमण्याचे निर्देश केंद्र शासनास दिले. घरकामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १८९ वा करार २०११ चा आहे. भारताने त्याला अनुसमर्थन दिलेले नाही.

तिसरे चित्र वितरण कामगाराचे. त्याचे कार्यस्थळ म्हणजे रस्ता, जिना आणि अनोळखी दार. निती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०२०-२१ मध्ये देशात अशा मंचाधारित कामगारांची संख्या ७७ लाख असल्याचे व २०२९-३० पर्यंत ती २.३५ कोटी होण्याचा अंदाज नमूद आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने त्यांची व्याख्या केली आणि मंचचालक कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के अंशदान द्यावे, अशी तरतूद केली. पण हे विम्याचे व कल्याणाचे संरक्षण आहे, म्हणजे हानी झाल्यानंतरचे. अनोळखी ठिकाणी जाण्यास नकार दिल्यास मानांकन घसरू नये, हा प्रतिबंधात्मक हक्क अद्याप स्पष्टपणे मिळालेला नाही.

चौथे चित्र रात्रपाळीतील स्त्रीचे. तिच्या सुरक्षेचा प्रश्न कार्यालयाच्या दारापाशी संपत नाही. १ नोव्हेंबर २००७ रोजी पुण्यात रात्रपाळीस निघालेल्या बीपीओ कर्मचारी युवतीचा कंपनीने ठरविलेल्या वाहनाच्या चालकाने साथीदारासह खून केला. त्या घटनेने कर्मचारी वाहतूक हा सुरक्षा व्यवस्थेचाच भाग असल्याचे अधोरेखित केले. चालकाची पडताळणी, वाहनाचा मागोवा आणि एकट्या स्त्रीस पहिली चढणारी किंवा शेवटची उतरणारी प्रवासी न ठेवणे अथवा सोबत रक्षक देणे, हे उपाय त्यानंतर या उद्योगात रुळले.

संरक्षण की वगळणूक?

कामाच्या जागीही एकांत किती घातक ठरू शकतो, याची जाणीव कोलकात्यातील आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयातील घटनेने संपूर्ण देशाला करून दिली. ९ ऑगस्ट २०२४ रोजी तेथे रात्रपाळीवरील पदव्युत्तर प्रशिक्षणार्थी डॉक्टरवर सभाकक्षात अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. दीर्घ कामानंतर विश्रांतीसाठी ती तेथे गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन २० ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रीय कृती दल नेमले. वैद्यकीय क्षेत्राला मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी झालेल्या हल्ल्याची आठवण झाली. रुग्णालयाच्याच आवारात हा हल्ला झाला होता आणि त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, सुमारे ४२ वर्षे, त्या अंथरुणावर होत्या. अर्धशतकाच्या अंतराने घडलेल्या या दोन्ही घटनांत गर्दीच्या संस्थेतील निर्मनुष्य कोपरा हे साम्य दिसते.

यानंतर पश्चिम बंगाल शासनाने 'रात्तिरेर साथी' या नावाने उपाययोजना जाहीर केली. स्वतंत्र विश्रांतिकक्ष, सीसीटीव्हीयुक्त सुरक्षित क्षेत्रे, इशारा देणारे भ्रमणध्वनी ॲप असे तिचे स्वरूप होते. त्याचबरोबर शक्य तेथे स्त्रियांना रात्रपाळी देऊ नये, असेही त्यात सुचविलेले होते. १७ सप्टेंबर २०२४ च्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने या भागावर आक्षेप घेतला. स्त्रियांना रात्री काम करण्यापासून रोखता येणार नाही, सुरक्षा पुरविणे हे राज्याचे कर्तव्य आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. तो भाग मागे घेण्याची तयारी राज्याने दर्शविली.

या वादात अभ्यासकांसाठी महत्त्वाचे तत्त्व दडलेले आहे. धोका दूर करण्याऐवजी धोक्यात असलेल्या व्यक्तीसच दूर केले, तर सुरक्षेचा खर्च मालकाकडून कामगाराकडे सरकतो. रात्रपाळीचा भत्ता, अनुभव आणि पदोन्नती यांना ती मुकते. कारखाना अधिनियमाच्या कलम ६६ मधील रात्रीच्या कामावरील बंदीचा प्रवासही हेच सांगतो. मद्रास उच्च न्यायालयाने २००० मध्ये ती बंदी घटनाबाह्य ठरविली आणि २०२० च्या संहितेने बंदीऐवजी संमती व सुरक्षा यांचा मार्ग स्वीकारला. अनुच्छेद १५ (३) मधील विशेष तरतुदीचा उपयोग संधी वाढविण्यासाठी व्हावा, संधी नाकारण्यासाठी नव्हे, हा त्यामागील विचार होय.

दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांतील महिला व घरकामगार यांना २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक अधिनियमाने जिल्हास्तरीय स्थानिक समितीचा आधार दिला आहे. तेथे निवासस्थानही कार्यस्थळ मानले जाते आणि मालकाने पुरविलेले वाहनही. म्हणजे या एका कायद्याने 'दहा'चा उंबरठा ओलांडून एकट्या स्त्रीपर्यंत पोहोचण्याची वाट दाखविली. मात्र समित्या कागदावर राहिल्याचे आढळल्याने गोव्यातील ऑरेलियानो फर्नांडिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये जिल्हा अधिकारी व समित्या नेमण्यासाठी मुदती घालून दिल्या.

इतर देशांचा अनुभव

ब्रिटनमध्ये एकट्याने काम करण्यावर सरसकट बंदी नाही. १९७४ च्या अधिनियमातील मालकाचे सर्वसाधारण कर्तव्य आणि १९९९ च्या नियमांतील जोखीम मूल्यमापनाची सक्ती यांवर तेथील व्यवस्था उभी आहे. १९८६ मध्ये लंडनमधील सुझी लॅम्प्लू ही मालमत्ता दलाल युवती ग्राहकास घर दाखविण्यास एकटी गेली आणि परतली नाही. तिच्या नावाने स्थापन झालेल्या न्यासाने या विषयावर प्रशिक्षणाचे मोठे कार्य केले.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा अनुभव अर्थशास्त्रीयदृष्ट्या अधिक बोधप्रद आहे. २००५ मध्ये पैसे न देता निघालेल्या वाहनास अडविताना पेट्रोलपंपावरील एकट्या युवकाचा मृत्यू झाला. २००८ मध्ये तेथे इंधनाचे पैसे आधी घेणे सक्तीचे झाले आणि रात्री ११ ते सकाळी ६ या वेळेत दोन कर्मचारी किंवा संरक्षक अडसर यांपैकी एक पर्याय आवश्यक झाला. लहान दुकानदारांनी खर्चाची तक्रार केल्यानंतर २०१२ मध्ये अन्य सुरक्षा उपायांचा तिसरा पर्यायही देण्यात आला. आधी पैसे घेण्याच्या नियमाने वादाचे कारणच नाहीसे केले, तेही जवळजवळ विनाखर्च. म्हणून कामाची पद्धत बदलून धोका संपविता येतो का, हा प्रश्न नेहमी प्रथम विचारावा.

खर्चाचे गणित

'प्रत्येक ठिकाणी दोन माणसे ठेवणे परवडणार नाही' हा आक्षेप गंभीरपणे तपासावयास हवा. उदाहरणादाखल एक काल्पनिक हिशेब पाहता येईल. एका वसाहतीतील ४० इमारतींनी रात्रीसाठी प्रत्येकी एक अधिक रक्षक दरमहा १५,००० रुपये देऊन नेमला, तर एकूण खर्च ६ लाख रुपये होईल. त्याऐवजी सर्वांनी मिळून सामायिक नियंत्रण कक्ष व शीघ्र मदत पथक उभारले, त्यात दरमहा २०,००० रुपयांवर ८ माणसे नेमली, वाहनावर ६०,००० रुपये आणि प्रत्येक इमारतीतील इशारा यंत्रणेवर ५०० रुपये खर्च केले, तर एकूण खर्च २.४ लाख रुपये, म्हणजे प्रति इमारत ६,००० रुपये येतो. जोखीम एकत्र केल्याने प्रत्येकाचा भार कमी होतो. अर्थशास्त्रात यास प्रमाणाच्या काटकसरी म्हणतात. न्यू टाउनसारख्या, एकाच प्राधिकरणाखालील नियोजित शहरात अशी सामायिक व्यवस्था उभारणे जुन्या, विस्कळीत शहरापेक्षा सोपे आहे.

मात्र या गणिताची मर्यादाही ओळखावी लागेल. मॅनहोलमधील माणसासाठी दहा मिनिटांनी येणारे पथक निरुपयोगी आहे. तेथे दोरी धरणारा माणूस जागेवरच हवा. म्हणून कामांचे त्रिस्तरीय वर्गीकरण उपयुक्त ठरेल :

१. एकट्याने कदापि करू नयेत अशी कामे : बंदिस्त जागा, जिवंत विद्युतवाहिनी, उंचीवरील लोंबकळते काम.

२. नियमित संपर्काच्या अटीवर एकट्याने करता येणारी कामे : रात्रीचा पहारा, गृहशुश्रूषा, वितरण, घरोघरची दुरुस्ती. यात ठरावीक वेळेने खुशाली कळविणे आणि ती न आल्यास कोणी, किती वेळात व काय करावयाचे हे लेखी ठरलेले असावे.

३. साधारण काळजीने करता येणारी कामे : दिवसाचे कार्यालयीन काम, घरून करावयाचे काम.

भरपाईचे वर्तुळ

प्रतिबंध अपयशी ठरल्यास भरपाईचा प्रश्न येतो. एकल कामगाराच्या बाबतीत साक्षीदार नसल्याने अपघात 'नोकरीतून व नोकरीच्या ओघात' घडला, हे सिद्ध करणे कठीण जाते. या संदर्भात महाराष्ट्रातील एक प्रकरण उद्बोधक आहे. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याची पाळी पहाटे ३ वाजता सुरू होत असे. २२ एप्रिल २००३ रोजी कामावर जाताना वाटेतच अपघातात त्याचा मृत्यू झाला. भरपाई आयुक्तांनी कुटुंबास भरपाई मंजूर केली, पण उच्च न्यायालयात ती टिकली नाही. अखेर २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने निर्णय दिला. अपघाताची परिस्थिती, वेळ व स्थळ यांचा नोकरीशी संबंध प्रस्थापित होत असेल, तर घर व कार्यस्थळ यांमधील प्रवासातील अपघातही 'नोकरीच्या ओघात' घडलेला मानावा, असा अर्थ न्यायालयाने लावला. मृत्यू आणि अंतिम न्याय यांत २२ वर्षांचे अंतर पडले. भरपाई हा प्रतिबंधाचा पर्याय होऊ शकत नाही, हे यावरून पुरेसे स्पष्ट व्हावे.

पुढील दिशा

राज्यांच्या नियमांत एकल कामाची व्याख्या समाविष्ट करणे आणि तिला कामगारसंख्येचा उंबरठा न लावणे, ही पहिली गरज आहे. जोखीम मूल्यमापनात 'या क्षणी हाक कोण ऐकेल' या प्रश्नाचे लेखी उत्तर मालकाकडून मागितले जावे. रक्षक, आया व सफाई कामगार यांच्या बाबतीत नेमणारी संस्था आणि जागेचा मालक यांची जबाबदारी संयुक्त असावी. गृहसंकुलांच्या संस्थांनी घरकामगारांसाठी प्रवेशद्वारी नोंदवही ठेवताना ती केवळ त्यांच्यावर संशय म्हणून न ठेवता, ठरल्या वेळी बाहेर न आलेल्या स्त्रीची चौकशी करण्यासाठी वापरावी. तंत्रज्ञान साहाय्यक आहे, पण इशारा वाजल्यावर धावणारे माणूस नसेल तर यंत्र केवळ अपघाताची वेळ नोंदविते.

विकासाचे मोजमाप इमारतींची उंची, गुंतवणूक आणि निर्यात यांवरून करण्याची प्रथा आहे. त्या इमारती रात्रंदिवस चालू ठेवणारी माणसे संख्येने मोठी, पण आपापल्या जागी एकटी असतात. त्यांना संघटित होण्याची संधी कमी, तक्रार करण्याची भीती अधिक आणि मदतीचे अंतर सर्वांत लांब असते. १९४८ च्या कायद्याने बंदिस्त टाकीत उतरणाऱ्या कामगाराच्या दोरीचे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती दिले होते. ते टोक इमारतीच्या दारापर्यंत, स्वयंपाकघरापर्यंत आणि रस्त्यापर्यंत पोहोचविणे, हे आजच्या श्रमधोरणापुढील कार्य आहे.